नावाआधी काम वाचा

१९८६ साली मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘द कलर ऑफ मनी’ हा चित्रपट आला. त्यात पॉल न्यूमन यांनी रंगवलेला मुरलेला खेळाडू टॉम क्रूझच्या पात्राच्या हाती एक पूल क्यू ठेवतो, आणि तो क्यू बालाबुश्का आहे, असे प्रेक्षकांना कळते. तोवर हे नाव क्यूंच्या जाणकारांपलीकडे फारसे कुणाला ठाऊक नव्हते. त्या प्रसंगाने ते जगभर पोहोचले. प्रत्यक्षात पडद्यावर दिसतो तो क्यू जॉर्ज बालाबुश्का यांनी बनवलेला नव्हताच. मेरीलँडमधल्या जॉस या कंपनीने बालाबुश्कांच्या धाटणीने केलेला तो क्यू होता. यात कुणाची फसवणूक झाली असे नाही. चित्रपटात वस्तू दिसण्यापुरती असली की भागते. पण जुना क्यू विकत घेणाऱ्याने हा प्रसंग कायम ध्यानात ठेवावा. नाव एकाचे, काम दुसऱ्याचे आणि पाहणाऱ्याला वरवर दोन्हींत काहीच फरक दिसत नाही, अशी स्थिती वापरलेल्या क्यूंच्या बाजारात वारंवार येते. या लेखातले म्हणणे एकच आहे. क्यूवरचे नाव हा फक्त दावा असतो. त्या दाव्याची परीक्षा क्यूच्या बांधणीवरून करायची असते, आणि बांधणीतली एखादी खूण सुटी उचलून ती होत नाही. सगळ्या खुणा एकमेकींशी जुळतात का, हे पाहावे लागते.

त्यासाठी आधी वस्तूची ओळख हवी. अमेरिकी पूल क्यू साधारण ५८ इंच लांब आणि १८ ते २१ औंस, म्हणजे सुमारे ५१० ते ५९५ ग्रॅम वजनाचा असतो. मधोमध तो पेचाने जोडलेला असतो. पुढचा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट. लाकडी शाफ्ट बहुधा मेपलचा असतो. त्याच्या टोकाला चामड्याची टिप आणि टिपेखाली तिचा मार झेलणारे पांढरे फेरूल. मागचा जाड भाग म्हणजे बट. बटाचा पुढचा हिस्सा फोरआर्म. त्यावर वर निमुळते होत गेलेले वेगळ्या लाकडाचे लांबट त्रिकोण दिसतात, त्यांना पॉइंट म्हणतात. पॉइंटच्या कडेने रंगीत लाकडाच्या पातळ पट्ट्या असतील तर त्या व्हिनिअर. त्यामागे पकडीचा रॅप, मग बट स्लीव्ह आणि शेवटी बट कॅप व रबरी बंपर. यातला प्रत्येक भाग कुणीतरी निवडलेला, कातलेला आणि चिकटवलेला असतो. कारागीर बदलला की या निवडीही थोड्या बदलतात. क्यू ओळखण्याची सगळी विद्या या फरकांवर उभी आहे.

जुन्या क्यूंवर नाव नसणे इतके सर्रास का आढळते, याचे उत्तर या धंद्याच्या इतिहासात आहे. जॉन मोझेस ब्रन्सविक यांनी १८४५ मध्ये सिनसिनाटीत सुरू केलेली कंपनी विलीनीकरणांतून वाढत ब्रन्सविक-बाल्क-कॉलेंडर झाली आणि अमेरिकेतल्या बिलियर्डच्या सामानावर तिचा दीर्घकाळ वरचष्मा राहिला. पूल हॉलच्या भिंतीवरच्या रॅकमध्ये सर्वांसाठी ठेवलेले एकसंध क्यू तिने मोठ्या संख्येने बनवले. १९६१ साली ‘द हसलर’ हा चित्रपट आला, खेळाला नवी लाट आली आणि स्वतःचा, दोन भागांत उघडून पेटीत नेता येणारा क्यू हवा असलेले खेळाडू वाढले. त्यांची गरज लहान कारागिरांनी भागवली: ब्रुकलिनमध्ये बालाबुश्का, पेनसिल्व्हेनियात गस झांबोटी, कॅलिफोर्नियात टॅड कोहारा आणि अर्नी गुटिएरेझ. एकट्याने चालवलेल्या वर्कशॉपमध्ये गिऱ्हाईक समोर उभे राहून क्यू घेत असे. क्यू कुणाचा हे दोघांनाही ठाऊक असायचे, त्यामुळे नाव घालण्याची निकड नसे. काही क्यू तर मुद्दाम अनामिक ठेवले जात. रॅकमधल्या साध्या क्यूसारखा दिसणारा, पण मध्ये जोड असलेला ‘स्नीकी पीट’ हा प्रकार याच हेतूने रूढ झाला. आपण तयारीचे खेळाडू आहोत हे समोरच्याला कळू नये, हा त्यामागचा उद्देश. तेव्हा बिननावाचा क्यू म्हणजे हलका माल, हे समीकरण मुळातच चुकीचे आहे.

आता नाव असलेल्या क्यूकडे वळू. क्यूवरच्या नावाचे निदान तीन वेगळे अर्थ होऊ शकतात आणि ते एकमेकांत मिसळले की घोटाळा होतो. पहिला अर्थ कारागिराचा: ज्याने लेथवर काम केले त्याचे नाव. दुसरा खेळाडूचा: ब्रन्सविकच्या अनेक क्यूंवर विली हॉपी यांचे नाव आहे, पण हॉपी हे बिलियर्डचे विजेते खेळाडू होते; क्यू त्यांनी बनवले नव्हते. तिसरा अर्थ ब्रँडचा. बालाबुश्का यांचे १९७५ मध्ये निधन झाले. त्यानंतर त्यांच्या कुटुंबाच्या परवानगीने त्यांच्या नावाचे क्यू जपानच्या अ‍ॅडम कंपनीत तयार झाले. ते क्यू नकली नाहीत. परवानगी खरी आहे, कामही नेटके आहे. या कंपनीच्या उभारणीत वाटा असलेले रिचर्ड हेल्मस्टेटर पुढे कॅलवे कंपनीत गेले आणि त्यांनी ‘बिग बर्था’ हा गाजलेला गोल्फ क्लब घडवला, यावरून तिथल्या कारागिरीच्या दर्जाची कल्पना यावी. तरीही बालाबुश्कांचा हात त्या क्यूंना लागलेला नाही. तो हात आणि ते नाव यांच्यातले अंतर ज्याला ठाऊक नाही, तो एका वस्तूची किंमत मोजून दुसरीच वस्तू घरी नेतो. आणि इथे खोटी सही करणाऱ्याची गरजही पडलेली नाही. सगळे कायदेशीर असूनही गैरसमज पुरा होतो.

नाव खऱ्या कारागिराचे असले तरी प्रश्न संपत नाही, आणि याचाही सर्वांत चांगला पुरावा बालाबुश्कांच्याच कामात आहे. रशियात १९१२ मध्ये जन्मलेले बालाबुश्का १९२४ मध्ये अमेरिकेत आले, सुतारकामात मुरले आणि १९५९ पासून क्यू बनवू लागले. आयुष्यभरात त्यांनी हजार ते बाराशे क्यू केले असावेत, असा अंदाज केला जातो. सुरुवातीच्या क्यूंसाठी त्यांनी ब्रन्सविकचे ‘टायटलिस्ट’ हे तयार एकसंध क्यू घेतले, ते कापले, नव्याने कातले, त्यांना जोड बसवला आणि बट सजवला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागोच्या बर्टन स्पेन यांच्याकडून पॉइंट बसवलेले कच्चे बट, म्हणजे ब्लँक, येऊ लागले. सत्तरच्या दशकात गस झांबोटी यांचे ब्लँक आले. म्हणजे ज्या पॉइंटकडे बोट दाखवून लोक ‘हा बालाबुश्का’ म्हणतात, ते पॉइंट मुख्यत्वे इतरांच्या हातचे आहेत. याने बालाबुश्कांचे मोठेपण उणावत नाही. क्यूचा तोल, निमुळतेपणा, जोडाची घट्ट बैठक आणि बट स्लीव्हवरचे संयत अलंकरण त्यांचेच होते. पण टायटलिस्ट ब्लँक तर इतर अनेक कारागिरांनीही वापरले. त्यामुळे तो ब्लँक दिसला की तो आपल्याला ब्रन्सविकपर्यंत नेतो; पुढे तो कुणाच्या लेथवर चढला, हे दुसऱ्या खुणांनी सांगायचे असते. ‘हा क्यू कुणी केला?’ या प्रश्नाला एका नावाचे उत्तर असतेच असे नाही.

पॉइंट नीट वाचता आले तर क्यूबद्दल सर्वाधिक कळते, म्हणून त्यांवर थोडे थांबायला हवे. पॉइंट मुख्यत्वे दोन प्रकारे बसवले जातात. फुल स्प्लाइसमध्ये पुढचे आणि मागचे लाकूड दोन्ही हातांची बोटे गुंफावीत तसे एकमेकांत रुतवून चिकटवतात. पॉइंटचे लाकूड आणि मागच्या दांड्याचे लाकूड एकच असते. शॉर्ट स्प्लाइसमध्ये फोरआर्मवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचा पाडून त्यांत पॉइंट चिकटवतात आणि मग फोरआर्म मागच्या दांड्याला वेगळा जोडतात. तो जोड रॅपखाली लपलेला असतो. दोन्ही प्रकारांत पॉइंटचे टोक सुईसारखे तीक्ष्ण निघते, कारण गोल दांड्यावर खाच उथळ होत जाऊन एका बिंदूत संपते. पँटोग्राफ किंवा संगणकावर चालणाऱ्या यंत्राने खोदून जडवलेल्या पॉइंटचे तसे नसते. तिथे कापणारे पाते गोल फिरते, म्हणून खोदलेल्या कोपऱ्याला बारीकशी गोलाई राहते. मेहनती कारागीर ती चाकूने साफ करतो, पण स्वस्त कामात ती भिंगाखाली दिसतेच. तिसरा प्रकार छापील चित्राचा. त्यात सगळे पॉइंट शेवटच्या रेषेपर्यंत एकसारखे असतात, लाकडाचे रेषे पॉइंटच्या कडेशी न बदलता तसेच पुढे जातात आणि भिंगातून छपाईचे ठिपके दिसू शकतात. हाताने रुतवलेल्या पॉइंटची उंची किंचित कमीजास्त असू शकते. पण फार मोठा फरक दिसला तर बट नंतर कुणीतरी पुन्हा कातल्याची शंका घ्यावी, कारण कातून बट बारीक केला की पॉइंट आखूड होतात आणि कातताना मध्य जरा सरकला तर एका बाजूचे जास्त आखूड होतात.

‘तीक्ष्ण टोक म्हणजे हातकाम, गोल टोक म्हणजे यंत्रकाम’ असा नियम यातून काढण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा, आणि त्याचे कारण आपल्या अधिक परिचयाच्या खेळात सापडते. भारतात पूलपेक्षा बिलियर्ड आणि स्नूकर यांची परंपरा जुनी. स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला असे मानले जाते. पुण्याचे विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्डचे हौशी विश्वविजेते झाले, आणि पंकज अडवाणी यांचा जन्मही पुण्याचा. आपल्या जुन्या जिमखान्यांशी नाते असलेला क्यू म्हणूनच इंग्लिश घाटाचा असतो: शाफ्ट बहुधा अ‍ॅश लाकडाचा, टिप ९ ते १० मिलिमीटरची, तर पूल क्यूची १२ ते १३ मिलिमीटरची. या इंग्लिश क्यूंत हाताने केलेल्या स्प्लाइसची टोके गोलाकार, कमानीसारखी असतात आणि यंत्राने केलेल्या स्प्लाइसची टोके अणकुचीदार असतात. अमेरिकी क्यूबद्दलचा नियम इथे नेमका उलटा होतो. कारण साधे आहे. इंग्लिश कारागीर सपाट केलेल्या बाजूवर लाकडाची फळी चिकटवून मग रंध्याने गोलाई देतो, तर अमेरिकी कारागीर खाच पाडतो. पद्धत वेगळी म्हणून खूण वेगळी. नावाबाबतही तोच धडा या क्यूंतून मिळतो. वॉल्टर लिंड्रम यांनी १९३२ मध्ये केलेल्या ४१३७ गुणांच्या ब्रेकचा उल्लेख असलेली पाटी जुन्या इंग्लिश क्यूंवर आढळते. ती पाटी विक्रमाचा गौरव करते. तो क्यू लिंड्रम यांच्या हातात होता असे ती म्हणत नाही. खूण कोणत्या परंपरेतली आहे हे ठरवल्याशिवाय तिचा अर्थ लावता येत नाही.

पॉइंटनंतर जोड पाहावा. शाफ्ट फिरवून सोडवला की बटाच्या तोंडाशी पिन दिसते, आणि पिन मोजता येते. डोळ्याच्या अंदाजावर सोडावे लागत नाही, हे तिचे मोठे बळ. व्यास आणि इंचाला किती आटे, या दोन आकड्यांनी पिन ओळखली जाते. ५/१६ इंच जाडीची, इंचाला १४ आट्यांची पिन आणि पोलादी कॉलरमध्ये नेमके रुतणारे शाफ्टचे तोंड, ही बांधणी बालाबुश्कांच्या क्यूंत आढळते. जॉसमध्ये आढळते आणि शॉनमध्येही. मॅकडरमॉटच्या क्यूंत ३/८ इंचाची, १० आट्यांची पिन असते. लास व्हेगासच्या साउथ वेस्टची पिन ३/८ इंचाची, पण ११ आट्यांची आणि जोडाचे तोंड सपाट. प्रेडेटरमध्ये थोड्याच फेऱ्यांत बसणारा युनि-लॉक जोड दिसतो. या आकड्यांचा उपयोग काय आणि मर्यादा काय, हे त्यांतूनच स्पष्ट होते. १४ आट्यांची पिन अनेकांनी वापरली, म्हणून ती कुणा एकाकडे बोट दाखवू शकत नाही. पण साउथ वेस्ट म्हणून विकायला आलेल्या क्यूत पोलादी कॉलर आणि १४ आट्यांची पिन निघाली, तर विक्रेत्याला थांबवून खुलासा मागण्याइतका तो आधार भक्कम आहे. पिन नंतर बदलता येते, हे खरे. तसे झाले असेल तर कॉलरच्या तोंडाशी, पिनभोवतीच्या चिकटद्रव्यात किंवा बाहेरच्या पॉलिशमध्ये बदलाचे चिन्ह शोधावे.

शाफ्ट हा क्यूचा सर्वांत लवकर झिजणारा आणि सर्वाधिक बदलला जाणारा भाग. टिप झिजते, फेरूलला तडा जातो, शाफ्ट वाकतो, नवा येतो. म्हणून शाफ्टवरून क्यूचा कर्ता ठरवू नये. शाफ्ट मूळचा आहे का, एवढेच विचारावे. त्याचे उत्तर जोडाजवळच्या कड्यांत असते. चांगल्या क्यूत शाफ्टच्या कॉलरवरचे कडे आणि बटावरचे कडे एकाच घडणीचे असतात: तेच रंग, तीच रुंदी, तोच क्रम. क्यू जोडल्यावर शिवणीवरून बोट फिरवले तर पायरी लागत नाही. कडी जुळत नसतील, शाफ्ट बटापेक्षा जाड वा बारीक लागत असेल, किंवा बट जुन्या मधासारखा पिवळसर आणि शाफ्ट पांढराफटक असेल, तर शाफ्ट बाहेरचा असण्याची शक्यता मोठी. त्याने क्यू खोटा ठरत नाही, पण किंमत नक्की बदलते. कड्यांविषयी एक इशारा मात्र द्यायला हवा. बालाबुश्कांनी बट स्लीव्हवर बारीक जडावाच्या पट्ट्यांची जी कडी वापरली, ती आज ‘बुश्का रिंग’ म्हणूनच ओळखली जातात, आणि ती इतकी आवडली की असंख्य कारागिरांनी उचलली. जी शैली लोकप्रिय होते तिची साक्ष कमकुवत होते. खरेदीदाराचे डोळे जिथे पहिल्यांदा जातात, अनुकरणही तिथेच होते. म्हणून अलंकरणाला कमी वजन द्यावे आणि सहसा कुणी पाहत नाही त्या जागांना अधिक: पिनचे आटे, कॉलरचे आतले तोंड, बंपरमागचे लाकूड.

बटाच्या मागच्या टोकाला दुर्लक्षित पुरावा पुष्कळ असतो. रबरी बंपर काढला तर आत वजन कमीजास्त करणारा बोल्ट, बट कॅपची जाडी, कधी पेन्सिलीने लिहिलेला आकडा वा तारीख सापडते. रॅपचा धागा आयरिश लिननचा की नायलॉनचा, की रॅप चामड्याचा, यालाही अर्थ असतो, पण रॅप सहज बदलला जातो. त्याला शाफ्टइतकेच कमी वजन. खरी अडचण पॉलिशची आहे. जुना क्यू ‘नवा’ करून विकण्याच्या हौसेने बट घासला जातो, त्यावर चकचकीत थर चढवला जातो, आणि त्या घासण्यात छापलेला लोगो, पुसट सही, मॉडेलचा क्रमांक सगळे निघून जाते. १९३० च्या टॅरिफ कायद्यानुसार अमेरिकेत आयात मालावर देशाचे नाव घालणे आवश्यक आहे. पण ते नाव स्टिकरवर असले तर पहिल्या मालकाकडेच गळून पडते आणि जपानी वा तैवानी क्यू अमेरिकी म्हणून फिरू लागतो. एका पॉलिशमध्ये नाहीसे होणाऱ्या खुणेवर भिस्त ठेवणाऱ्याला, ती खूण गेल्यावर हाती काहीच उरत नाही. बांधणी वाचणाऱ्याकडे पिन, पॉइंट आणि कडी तरीही शिल्लक राहतात.

आतापर्यंतच्या पुराव्यांत सर्वांत ठाम कोणता, असे विचारले तर उत्तर आहे काळाशी विसंगत असलेली खूण. एखादी गोष्ट अमुक कारागिराने केली हे सिद्ध करणे अवघड असते. ती त्याने केलेली असू शकत नाही, हे कधीकधी एका तपशिलाने सिद्ध होते. प्रेडेटरचा ३१४ शाफ्ट १९९४ मध्ये आला आणि चेंडू कमी विचलित करणाऱ्या शाफ्टचे युग त्याने रुजवले. त्याच कंपनीचा कार्बन फायबरचा रेव्हो शाफ्ट २०१६ चा. युनि-लॉकसारखा झटपट जोड असलेला बट १९६८ चा म्हणून समोर आला, तर एकतर जोड नंतर बसवला आहे किंवा सांगितलेले वर्ष चूक आहे. तिसरी शक्यता नाही. बालाबुश्का १९७५ मध्ये वारले, म्हणून त्यानंतर प्रचारात आलेली सामग्री ज्या क्यूच्या मूळ घडणीत आहे, तो त्यांचा असू शकत नाही. मूळ घडणीत हे शब्द महत्त्वाचे आहेत. नंतरच्या दुरुस्तीत आलेली नवी वस्तू क्यूला खोटे ठरवत नाही. त्यामुळे परीक्षा करणाऱ्याने प्रत्येक भागाबद्दल स्वतंत्र प्रश्न विचारावा: हा भाग क्यूबरोबर जन्मला की नंतर आला?

एका खुणेचा प्रश्न किमतीपलीकडे जातो, ती म्हणजे हस्तिदंत. जुन्या उंची क्यूंत फेरूल, जोडाची कॉलर, बट कॅप आणि जडाव हस्तिदंताचे असत. दिसायला त्याच्या जवळ जाणारी कृत्रिम द्रव्येही तितकीच सर्रास वापरली गेली. ओळखायचे तर आडव्या छेदावर पाहावे, म्हणजे कॅपचे मागचे तोंड किंवा टिप बदलताना उघडे पडलेले फेरूलचे टोक. खऱ्या हस्तिदंतात तिथे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. तिला श्रेगर रेषा म्हणतात. प्लास्टिकमध्ये रेषा असल्या तरी त्या समांतर आणि एकसुरी असतात. तापवलेली सुई टोचण्याचा घरगुती उपाय करू नये. जुने सेल्युलॉइड पेट घेऊ शकते आणि वस्तूही बिघडते. कायदा स्पष्ट आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताच्या आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. अमेरिकेनेही २०१६ मध्ये आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार जवळपास पूर्ण बंद केला. ब्राझिलियन रोझवुडचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून साइट्स कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. परदेशातले आप्त एखादा सुंदर जुना क्यू भेट म्हणून आणणार असतील, तर त्याआधी त्यातले पांढरे काय आणि काळपट-तांबूस लाकूड कोणते, हे विचारणे गरजेचे आहे. इथे ओळख चुकली तर नुसता पैसा जात नाही, गुन्हा घडतो.

या सगळ्या मांडणीवर तीन आक्षेप घेता येतील आणि तिन्ही दखल घेण्याजोगे आहेत. पहिला: कुशल नकलाकार बांधणीचीही नक्कल करेल, मग बांधणीवर विश्वास का ठेवावा? नक्कल शक्य आहे, हे मान्य. पण सही खोटी करायला काही मिनिटे आणि एक पेन लागते. योग्य काळचे लाकूड, तसेच पॉइंट, तीच पिन, तीच कडी आणि पन्नास वर्षांच्या वापराची झीज हे सगळे जमवायला जवळपास त्या कारागिराइतकेच कौशल्य आणि कष्ट लागतात. जितक्या अधिक आणि जितक्या स्वतंत्र खुणा तपासाव्यात, तितके खोटे महाग होत जाते. शिवाय मी बांधणीला अंतिम म्हणत नाही. पहिल्या मालकाची पावती, जुने पत्र, क्यूसह काढलेले तारखेचे छायाचित्र यांचे मोल मोठे आहे. मात्र तो कागद याच क्यूचा आहे, हेही शेवटी लाकडाच्या रेषांवरूनच पडताळावे लागते. लाकडाचे रेषे दोन क्यूंत सारखे नसतात, म्हणून जवळून काढलेले जुने छायाचित्र हे उत्तम ओळखपत्र ठरते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. हाताने काम करणारा माणूस यंत्रासारखा एकसारखे करत नाही. तो पद्धती बदलतो, गिऱ्हाइकाच्या आग्रहाने वेगळी पिन बसवतो, हाताशी असलेले लाकूड वापरतो. मग ‘खुणा जुळत नाहीत’ म्हणून अस्सल क्यूवर अन्याय होणार नाही का? होऊ शकतो, आणि म्हणूनच अपवाद आणि अशक्य यांत भेद करायला हवा. नेहमीपेक्षा वेगळा रॅप हा अपवाद. कारागिराच्या मृत्यूनंतर जन्मलेला जोड मूळचा असणे हे अशक्य. अपवाद दिसला की अधिक पुरावा मागावा, अशक्य दिसले की दावा नाकारावा. कारागिराचे नेहमीचे वळण कोणते, हे ठरवण्यासाठी नोंद झालेल्या क्यूंचा साठा लागतो. व्हिक्टर स्टाइन आणि पॉल रुबिनो यांचा ‘द बिलियर्ड एन्सायक्लोपीडिया’, ब्रॅड सिम्पसन यांचे ‘ब्लू बुक ऑफ पूल क्यूज’ आणि कंपन्यांचे जुने कॅटलॉग यांनी हे काम केले आहे. ही विद्या जाणकाराच्या लहरीवर चालते, हा आरोप त्यामुळे टिकत नाही. जाणकार आपल्या निष्कर्षाची कारणे सांगू शकतो आणि दुसरा कुणी पिन मोजून ती खोडू शकतो.

तिसरा आक्षेप खेळाडूंचा: चेंडू नीट जातो ना, मग कुणी बनवला याची उठाठेव कशाला? खेळापुरते हे खरे आहे. सरळ शाफ्ट, घट्ट जोड आणि हाताला रुचणारा तोल असलेला अनामिक क्यू हा नाव असलेल्या वाकड्या क्यूपेक्षा केव्हाही चांगला, आणि केवळ खेळण्यासाठी घेणाऱ्याने नावाचे पैसे मोजूच नयेत. पण ओळख पटली तर खेळाडूचाही लाभ आहे. पिन कळली तर बसणारा दुसरा शाफ्ट मागवता येतो. बांधणी कळली तर दुरुस्ती करणाऱ्याला कुठे घासू नये ते कळते. त्यापलीकडे न्यायाचा प्रश्न आहे. ज्यांनी आयुष्यभर लेथवर उभे राहून हे काम केले, त्यातल्या अनेकांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत. बर्टन स्पेन यांचे पॉइंट दुसऱ्याच्या नावाने वाखाणले गेले. काम वाचून त्यांना श्रेय देणे, ही त्यांच्या कारागिरीची किमान दखल आहे.

म्हणून जुना क्यू हाती आला तर क्रम उलटा करावा. आधी नाव पाहू नये. दोन्ही भाग वेगळे करून सपाट पृष्ठभागावर एकेक लोटावे. वाकडा भाग उड्या मारतो. मग पिन मोजावी, पॉइंटची टोके भिंगातून पाहावीत, कडी जुळवावीत, बंपर हलक्या हाताने काढून आत पाहावे, पांढऱ्या भागांचे छेद तपासावेत. प्रत्येक भागाशेजारी ‘मूळचा’, ‘बदललेला’ किंवा ‘सांगता येत नाही’ असे लिहावे. शेवटी नाव वाचावे आणि ते या यादीशी जुळते का ते पाहावे. विकणाऱ्याकडे पिन, पॉइंट, कडी आणि मागचे टोक यांची जवळून काढलेली छायाचित्रे मागावीत. ती द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मोठ्या नावाचा क्यू घेऊ नये. घेतलेला क्यू घासू नये, रॅप उगाच उलगडू नये, झळाळीसाठी पॉलिश चढवू नये. आणि विकायची वेळ आली, तर जे ठाऊक आहे तेवढेच लिहावे: पिन अमुक, पॉइंट अमुक पद्धतीचे, शाफ्ट बदललेला, कर्ता अज्ञात. कर्ता अज्ञात हे दोन प्रामाणिक शब्द एका चुकीच्या नावापेक्षा क्यूचा मान अधिक राखतात. ते लिहायला संकोच करू नका.